मुदखेडची पिशवी

किल्लारीच्या शिवणगटाचे ऑनलाइन बाजारातले खाते मी दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी दुपारी सव्वातीन वाजता बंद केले. कोरोनानंतर लातूरच्या शिकवण्या पुन्हा भरल्या, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. खाते बंद करण्यापूर्वी प्रलंबित मागण्यांचा रकाना दोनदा तपासला. दोन्ही वेळा तिथे शून्य होते. चार दिवसांनी, सोमवारी सकाळी, मुदखेडच्या एका घरातून आमच्या नावाने एक पिशवी निघाली. ती आमच्यापर्यंत पोचली नाही.

लातूरच्या एका दैनिकात मी मुद्रितशोधक म्हणून लागलो आणि उपसंपादक म्हणून बाहेर पडलो. जिल्ह्याची पाने दुसऱ्या शहरातून लागू लागली तेव्हा आमचे टेबल गेले. घरी एक संगणक होता, वाक्य लहान लिहिण्याची सवय होती आणि दिवस मोकळे होते. त्यामुळे शिवणगटाच्या ऑनलाइन विक्रीचे काम माझ्याकडे आले. बाजारातले खाते मी सहा वर्षे चालवले.

गट वाकळ शिवतो. पुण्याकडे तिला गोधडी म्हणतात. जुन्या कपड्यांचे थर एकावर एक घालून, चारी बाजूंनी आत आत येत, हाताने धावदोरा घालायचा. एका वाकळीला दोघी बायका बसल्या तर आठ-दहा दिवस लागतात. मशीनवर शिवलेली एका दुपारी होते. फोटोत दोन्ही सारख्या दिसतात. या धंद्याची सगळी अडचण या एका वाक्यात आहे.

गटाच्या प्रमुख शेवंताबाई. त्या सासरी किल्लारीत आल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी भूकंप झाला. त्यांच्या घरातली तीन माणसे गेली. मी तेव्हा वृत्तपत्रात नवा होतो. मला जीपमध्ये बसवून गावात पाठवले ते नावांची यादी करायला. नंतरच्या आठवड्यात देशभरातून मदतीच्या कपड्यांचे ट्रक आले. पत्र्याच्या शेडशेजारी कपड्यांचे ढीग लागले. त्यात कोट होते, टाय होते, लोकरीच्या टोप्या होत्या, पोहण्याचे पोशाखही होते. घालता येण्यासारखे फार थोडे होते. त्या ढिगाची मी चार ओळींची बातमी दिली होती. पुढे काय झाले ते मला कितीतरी वर्षांनी शेवंताबाईंकडून कळले.

"पाच कोट फाडले आम्ही," त्या म्हणाल्या. "पयली वाकळ त्याचीच. लई जड. अंगावर घेतली की माणूस उठू न्हाई शकायचा. पण पत्र्याखाली थंडी होती, भाऊ. कुणाचा कोट, काय पत्ता. मेलेल्याचा का जित्याचा, तेबी म्हाईत न्हाई."

तेव्हापासून त्यांनी एक नियम ठेवला. वाकळीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी त्यात ज्वारीचे पाच दाणे घालायचे. हा रिवाज त्यांच्या सासूचा. वाकळ उपाशी सोडायची नाही, असे सासू म्हणत. शेवंताबाईंनी त्यात एक भर घातली. दाणे घालताना ज्याच्या अंगावर ती वाकळ जाणार किंवा ज्याच्या कपड्यांची ती झाली, त्याचे नाव घ्यायचे. नाव माहीत नसेल तर "ज्याचं त्याला" म्हणायचे.

ऑनलाइन बाजार म्हणजे काय, ते बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. एका मोठ्या मॉलमध्ये आपल्याला एक फळी मिळते. फळीवर माल आपला. बोर्ड, दरवाजा, गल्ला आणि पार्सलवाला मॉलचा. गिऱ्हाईक येते ते मॉलमध्ये, आपल्याकडे नव्हे. त्याचा फोन नंबर आपल्याला दिसत नाही, पूर्ण पत्ताही दिसत नाही. मागणीवर गावाचे नाव आणि पिनकोड दिसतो. पार्सलमध्ये आपल्या पत्त्याची चिठ्ठी टाकणे नियमात बसत नाही.

आमचा खप मुख्यतः शिकवण्यांमुळे होता. जूनमध्ये मराठवाड्यातून आईबाप लातूरला मुले आणून सोडतात. वसतिगृहात लोखंडी कॉट असते, पातळ गादी असते. नोव्हेंबर आला की वाकळीच्या मागण्या सुरू होत. मालाखाली प्रश्न विचारायची सोय होती. नांदेडच्या एका वडिलांनी विचारले होते, 'थंडी वाजणार नाही पण फार झोपही लागणार नाही, अशी वाकळ आहे का? मुलगा बारावीला आहे.' मी प्रश्न वाचून दाखवला. शेवंताबाई सुई थांबवून म्हणाल्या, "त्याला म्हणावं, पोराला पोत्यावर निजव."

मी उत्तर दिले, की वाकळ एकाच प्रकारची असते. त्यांनी दोन मागवल्या.

आठवणीच्या वाकळीची कल्पना माझी. घरातले माणूस गेले, की त्याचे कपडे टाकवत नाहीत आणि ठेवतही नाहीत. लोक ते आम्हाला देतील, आम्ही त्यांची वाकळ करून परत पाठवू. पण बाजारात माल फक्त विक्रेत्याकडून गिऱ्हाइकाकडे जातो. गिऱ्हाइकाने कपडे पाठवायचे कसे? मी एक वाट काढली. मालाच्या नावाखाली आम्ही रिकामी कापडी पिशवी पाठवायची. गिऱ्हाइकाने तिच्यात कपडे भरायचे, कपडे कुणाचे ते चिठ्ठीवर लिहायचे आणि फोनवर 'बदलून हवे' हे बटण दाबायचे. बाजाराचा पार्सलवाला पिशवी उचलून आमच्याकडे आणून देई. आम्ही वाकळ शिवून 'बदली माल' म्हणून परत पाठवत असू. बाजाराच्या नोंदीत एक पिशवी नापसंत झाली आणि तिच्या जागी दुसरी गेली, एवढेच दिसे. बदलीची मुदत तीस दिवस होती. ही युक्ती चार वर्षे बिनबोभाट चालली. तिचा मला अभिमान होता, हे नोंदवले पाहिजे.

बाजाराशी बिनसले ते दाण्यांवरून. दूरच्या शहरातल्या एका बाईंना वाकळीच्या कोपऱ्यात काहीतरी टोचले. त्यांनी टाके उसवले. दाण्यांना पोरकिडा लागलेला होता. त्यांनी फोटो काढून तक्रार केली: 'मालात धान्य व कीड.' दोन दिवसांत आमच्या सगळ्या वाकळी बाजारातून उतरवल्या गेल्या. पुन्हा चढवायच्या तर एक फॉर्म भरायचा होता. सुधारणा काय केली, असा त्यात रकाना होता. मी किल्लारीला गेलो.

"दाणे बंद करावे लागतील," मी सांगितले.

"बंद म्हंजे?"

"घालायचेच नाहीत."

"मग तुमी शिवा," शेवंताबाई म्हणाल्या. बाकीच्या हसल्या. त्या हसल्या नाहीत. "उपाशी वाकळ लेकराच्या अंगावर टाकू का मी? दाणे भाजून घालते. कीड न्हाई लागायची. तसं लिवा त्या कागदावर."

मी तसे लिहिले. फॉर्म परत आला. 'मालातून धान्य वगळल्याचे कळवा.' मी 'वगळले' असे लिहिले, वाकळी पुन्हा चढल्या, दाणे चालू राहिले. चोवीस वर्षांच्या नोकरीत मी जाणूनबुजून खोटे छापले नव्हते. पुढच्या बैठकीत मीच स्वतःच्या वेबसाइटचा विषय काढला. आपले दुकान, आपला बोर्ड, दाण्यांबद्दल पहिल्याच पानावर खरे ते लिहू. सगळ्यांनी हात वर केले.

स्वतःचे दुकान म्हणजे मॉलमधून उठून माळावर जाणे. मॉलमध्ये जे आपोआप होत होते ते सगळे आता आपण करायचे. पैसे घेण्याची सोय, कुरिअरशी करार, परतीचे नियम, आणि मुख्य म्हणजे, दुकान आहे हे कुणाला तरी कळवणे. बाजारात सहा वर्षांत मिळालेले अभिप्राय आणि पसंतीच्या चांदण्या बाजाराच्याच राहिल्या. नव्या पानावर अभिप्रायांच्या जागी काही नव्हते. संध्याकाळी आकडे पाहिले तर भेट देणारे सात असत. त्यात चारदा मीच असे.

फोन नंबर पानावर दिला होता, म्हणून फोन येत. उदगीरहून एका गृहस्थांचा आला.

"दुकान कुठं हाय तुमचं?"

"वेबसाइट आहे. तिथूनच मागवायचं."

"ते बगितलं की. पण कुठल्या गल्लीत?"

"गल्ली नाही. काम किल्लारीत होतं."

"मग किल्लारीला आलो तर मिळंल?"

"मिळेल."

"मग त्या वेबसाइटचं काय करायलाव तुमी?"

दुसऱ्या एका बाईंनी विचारले, की मोठ्या बाजारात मिळत नाही म्हणजे माल खरा कशावरून.

दोन दुकाने एकाच वेळी चालवणे मला जमेना. शिवाय बाजारातले प्रत्येक पान 'धान्य वगळले' या माझ्या वाक्यावर उभे होते. ऑक्टोबरमध्ये ठरले, की नव्या मागण्या थांबवायच्या, बाहेर गेलेल्या पिशव्या परत येऊ द्यायच्या आणि मग खाते बंद करायचे. वहीत नऊ पिशव्या बाहेर होत्या. आठ परत आल्या. नववीसमोर 'मुदखेड' एवढेच लिहिलेले होते. कळवायला फोन नंबर नव्हता.

पिशवी मागवून ती न पाठवणारे बरेच असत. कपाट उघडायची वेळ आली की माणसाचे मन बदलते, आम्ही त्याचा पाठपुरावा करत नसू. मी तीस दिवस थांबलो. एकतिसावा दिवसही जाऊ दिला. नंतरच्या दिवशी खाते बंद केले.

बाजाराने सणानिमित्त बदलीची मुदत पंधरा दिवसांनी वाढवली होती. खाते बंद झाले तरी गिऱ्हाइकाच्या फोनवरचे बदलीचे बटण तोवर चालू राहिले. तशी मेल मला आली होती. तिचे शीर्षक 'सणाची खुशखबर' असे होते. वृत्तपत्राच्या टेबलावर रोज पत्रकांचा गठ्ठा येतो. मथळा पाहून पत्रक टोपलीत टाकायचे, हे तिथले पहिले कौशल्य. मी ते चांगले कमावले होते. मेल उघडली तेव्हा तुळशीची लग्ने लागून गेली होती. ती मी कशामुळे उघडली, ते पुढे सांगतो.

तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी मी किल्लारीत, गटाच्या खोलीत होतो. बारा वाजता एक गृहस्थ दारात आले. पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. मुदखेडहून रेल्वेने लातूर, लातूरहून एसटी, असे आले होते. नाव गायकवाड, माध्यमिक शाळेत गणिताचे शिक्षक. पिशवीवर 'शिवणगट, किल्लारी' असा शिक्का असतो, तेवढ्यावर ते पोचले होते.

"वाकळ तयार झाली का, विचारायला आलो," ते म्हणाले. "फोनवर काहीतरी वेगळंच येतंय."

त्यांनी फोन पुढे केला. पडद्यावर होते: 'विक्रेता उपलब्ध नाही. आपली रक्कम परत करण्यात आली आहे.'

मी विचारले, "पिशवी कधी दिलीत?"

"सोमवारी. दिवाळीच्या आधीच्या. पावती आहे." फाइलमधून त्यांनी पावती काढली. "उशीर झाला, मला माहिती आहे. महिनाभर पिशवी खुंटीलाच होती. रोज म्हणायचो, आज भरू. बायको कपाटाला हात लावू देईना. तारीख संपली असं वाटलं. मग फोनवर दिसलं, पंधरा दिवस वाढले. त्या दिवशी तिनंच कपाट उघडलं."

शेवंताबाईंनी त्यांना पाणी दिले. "बसा, सर. कुणाचे कपडे?"

"मुलीचे. प्रज्ञाचे. लातूरला होती शिकायला, दोन वर्षं. मेडिकलचं करत होती. सप्टेंबरात ताप आला. दवाखान्यात चार दिवस." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "लातूरला जाताना तुमचीच वाकळ घेतली होती तिला. म्हणून तुमच्याकडेच."

"बॅगेत काय काय व्हतं?"

गायकवाड सरांनी यादी लिहून ठेवली होती. फाइलमध्ये ती होती. शिकवणीचे दोन टी-शर्ट, चार कुर्ते, तीन ओढण्या, एक स्वेटर, प्रॅक्टिकलचा पांढरा ॲप्रन. ॲप्रनसमोर कंसात लिहिले होते: खिशावर गुलाबी डाग.

"झाडाचा काप रंगवायचा असतो ना सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, त्याचा रंग," ते म्हणाले. "जात नाही तो. तिनं पुष्कळ घासला होता."

पिशवी आमच्याकडे आलेली नाही, हे मी त्यांना सांगितले. खाते कधी बंद केले तेही सांगितले.  मग त्यांनी पावती पुन्हा फाइलमध्ये ठेवली.

शेवंताबाई म्हणाल्या, "सर, लेकरानं नेली व्हती ती वाकळ घरी हाय का? ती आणा. मी तिला नवा पदर लावून देते."

"ती तिच्या आईच्या अंगावर असते," गायकवाड सर म्हणाले. "मागता येत नाही."

त्या संध्याकाळी मी 'सणाची खुशखबर' उघडून वाचली.

बाजाराच्या मदत क्रमांकावर मी पुढच्या दोन आठवड्यांत अकरा वेळा बोललो. संभाषण हिंदीत होई, आशय दर वेळी असा.

"सर, वस्तू काय होती?"

"कापडी पिशवी."

"तिचे पैसे परत गेले आहेत, सर."

"पिशवीत कपडे होते. ते हवे आहेत."

"कपडे त्या मागणीत नाहीत, सर. पिशवीच आहे."

ते चूक बोलत नव्हते. नोंदीत पिशवीच होती. ती नोंद मीच तशी ठेवली होती.

शेवटी कुरिअरच्या एका ओळखीच्या माणसाने पार्सलचा माग काढून दिला. पिशवी नांदेडला आली, लातूरला आली, घेणारा नाही म्हणून परत फिरली आणि हैदराबादजवळच्या परत मालाच्या गोदामात गेली. गायकवाड सर आणि मी दोघे तिथे गेलो. गोदामाचे पर्यवेक्षक देगलूरचे निघाले. पावती पाहून त्यांनी संगणकावर नंबर टाकला.

"हाय. आलतं हे. बाराव्या दिवशी लॉटमध्ये गेलं."

"लॉट म्हणजे?"

"ज्याला धनी न्हाई तो माल वजनावर जातो, सायेब. हे कापड म्हणून गेलं." त्यांनी गायकवाड सरांकडे पाहिले. "मुलीचे का? आदी सांगितलं असतं, तर बाजूला ठेवलं असतं ओ. इथं कोण उघडून बघतंय?"

लॉट घेणारा जुन्या कपड्यांचा ठोक व्यापारी त्याच शहरात होता. त्याचे शेड आम्ही पाहिले. छतापर्यंत कपडे आणि खाली बसून निवडणाऱ्या बायका. चांगले कपडे आठवडी बाजारांना जातात. पांढरे सुती वेगळे काढतात, ते गॅरेजवाले पुसायला नेतात. उरलेल्याचे गठ्ठे बांधून वाकळीवाल्यांना पाठवतात. आमचा लॉट फुटला होता. गठ्ठे कुठे कुठे गेले, हे व्यापाऱ्याने वही पाहून सांगितले. त्यात नांदेडच्या एका दुकानाचे नाव होते. साध्या वाकळींसाठी शिवणगट त्याच दुकानातून गठ्ठे घेतो.

परतीच्या रेल्वेत गायकवाड सर एकदाच बोलले. "ॲप्रन पांढरा होता," ते म्हणाले.

किल्लारीत शेवंताबाईंना सगळे सांगितले. त्यांनी नांदेडच्या दुकानातून आलेला, अजून न उघडलेला गठ्ठा पुढे ओढला आणि दोरी कापली. बाकीच्या बायका हातातले काम ठेवून भोवती बसल्या. गायकवाड सरांनी दिलेली यादी भिंतीवर लावली. एकेक कपडा उजेडात धरून पाहिला. त्या दिवसापासून गठ्ठा त्यांच्याशिवाय कुणी उघडत नाही.

स्वतःचे दुकान चालू आहे. ते मोठे झाले नाही. सहा वर्षांपूर्वी अकरा बायका होत्या, आता सात आहेत. मागणी करताना पहिला रकाना गिऱ्हाइकाच्या फोन नंबरचा आहे. पिशवी परत आली नाही तर तिसाव्या दिवशी मी स्वतः फोन करतो. बहुतेक जण 'अजून थोडे दिवस' म्हणतात. आमच्याकडे मुदत नाही, असे मी सांगतो. भाजलेल्या ज्वारीच्या दाण्यांबद्दल पहिल्या पानावर लिहिलेले आहे.

गायकवाड सर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करतात. संभाषण अर्ध्या मिनिटाचे असते. शेवंताबाई फोन माझ्या हातून घेतात आणि काय निघाले ते स्वतः सांगतात.

हा मजकूर देईपर्यंत नांदेडहून आलेले एकोणीस गठ्ठे उघडले. यादीतल्यासारखे टी-शर्ट चार निघाले, दुसऱ्याच शिकवणीचे. पांढरे ॲप्रन तीन निघाले. दोन कोरे होते. तिसऱ्याच्या खिशावर डाग होता. तो निळा होता.